रांगोळीची टचलाइन

टॅमभावजी,

माझी लोणी लावायची सुरी सापडली. लाकडी मुठीची, लग्नात मिळालेल्या सेटमधली. "दोन मिनिटांत आणून देतो, वहिनी," असं म्हणून तुम्ही ती जिन्याने वर नेलीत त्याला सहा वर्षं होऊन गेली. मधे मी तीन-चारदा विचारलं असेल. प्रत्येक वेळी तुम्ही असा भोळा चेहरा केलात की मला माझ्याच ड्रॉवरचा संशय यायचा. परवा तुमच्या कपाटात, खालच्या फळीवर, बुटांच्या ब्रशांच्या डब्यात ती पडलेली होती. धार पार गेलेली, मुठीला काळं पॉलिश. आता ती पावाला लावायच्या लायकीची राहिलेली नाही, तरी मी घासून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

तीन आठवडे झाले तुम्हाला जाऊन. दुकानात बुटांची खोकी फळीवर लावता लावता खाली बसलात आणि उठलाच नाहीत. सुधीरला ऑफिसात फोन आला, त्याने मला लॅबमध्ये केला. मी हातातली रक्ताची नळी स्टँडमध्ये नीट ठेवली, तिच्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि मगच रडले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "प्रोफेशनल, वहिनी, प्रोफेशनल." तुमच्या लेखी त्याहून मोठी शाबासकी नव्हती.

लॅबमधल्या बायका विचारतात, तुझा कोण होता तो? भाडेकरू म्हटलं तर जीभ अडखळते. जर्सी सिटीतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तुम्ही राहायला आलात तेव्हा तुमच्याकडे एक बॅग होती आणि गळ्यात नाड्यांनी बांधलेले बुटांचे दोन जोड. स्कॉटलंडहून आलेला फुटबॉलचा विंगर, एवढंच सुधीरने सांगितलं होतं. विंगर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं आणि तुमचं इंग्रजी तर पहिले सहा महिने मला अजिबात कळलं नाही. तुम्ही बोलायचात, मी हसायचे, आणि मग सुधीर भाषांतर करायचा, इंग्रजीचं इंग्रजीत. "हिला वहिनी म्हणायचं," असं त्यानेच तुम्हाला शिकवलं. मी तुम्हाला समजावून सांगितलं, की मग तुम्ही माझे भावजी झालात आणि भावजींची थट्टा करायचा वहिनीला पूर्ण हक्क असतो.

"आणि भावजींना कसला हक्क?" तुम्ही विचारलंत.

"ऐकून घ्यायचा."

तो तुम्ही शेवटपर्यंत बजावलात, एक विषय सोडून. त्या विषयाकडे मी येणारच आहे. टाळायला बघू नका.

तुमची कारकीर्द मला कुठल्या कात्रणातून कळली नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात तुकड्यातुकड्यांनी कळली, मी पोळ्या लाटत असताना. कोळशाच्या खाणीचं गाव. गवत नसलेलं, लाल राखेचं मैदान. तुम्ही पँट वर करून गुडघा दाखवलात तेव्हा कातडीखाली त्या राखेचे निळसर ठिपके अजून होते. सतराव्या वर्षी क्लबने घेतलं, विंगर म्हणून डाव्या कडेला उभं केलं आणि तिथेच तुम्ही नऊ वर्षं पळालात. कडेच्या पांढऱ्या रेषेला इतके चिकटून, की सामना संपल्यावर तुमच्या डाव्या बुटाला चुना लागलेला नसेल तर वडील घरी जेवताना बोलायचे नाहीत. प्रेक्षकांत एक म्हातारा होता, कायम त्या रेषेजवळच उभा राहायचा आणि नऊ वर्षं प्रत्येक सामन्यात ओरडायचा, "घरी जा, टॅम!" एकदा तुम्हाला ताप होता म्हणून खेळला नाहीत, तर तो घरी चौकशीला आला. मला तुमच्या साऱ्या गोलांपेक्षा तो म्हातारा जास्त लक्षात राहिला आहे.

मीही सांगलीला कॉलेजात खो-खो खेळले होते, हे तुम्हाला कळलं त्या दिवशी तुम्ही खुर्ची माझ्याकडे वळवलीत. समोरच्याला हूल कशी द्यायची यावर आपण तासभर वाद घातला. तुमचं म्हणणं, कंबर आधी जाते. माझं म्हणणं, नजर आधी जाते, बाकी शरीर मागाहून येतं. "दाखवा," तुम्ही म्हणालात. मग मी साडीचा पदर खोचला आणि डायनिंग टेबलाला खांब समजून तुम्हाला दोनदा चकवलं. केतकी तेव्हा सहा वर्षांची होती. दारात उभी राहून म्हणाली, "आई, यू कॅन रन?" तुम्ही माझ्यापुढे खरोखर टोपी काढलीत. ती हूल नंतर तुम्ही सामन्यात वापरलीत आणि फसली, असं मला सांगितलंत. मी म्हटलं, नजर फिरवली नसेल नीट.

इनडोअरचे दिवस तुम्हाला मानवले नाहीत, हे मात्र थट्टेत घालवण्यासारखं नव्हतं. ज्या लीगसाठी तुम्ही अमेरिकेत आलात ती गुंडाळली गेली आणि उरला तो छताखालचा खेळ. आम्ही तिघं एकदा बघायला आलो होतो. बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणावर हिरवा गालिचा घातलेला, चारी बाजूंनी लाकडी फळ्या, धूर, दिवे, कानठळ्या बसवणारं संगीत. सुधीर टाळ्या पिटत होता. घरी येताना गाडीत मी म्हटलं, "बरं आहे की, बॉल बाहेरच जात नाही. सारखं आणायला जायला नको."

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "वहिनी, जिथे बॉल बाहेरच जात नाही, तिथे कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाचं काय काम?"

दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी शिरा केला.

आणि तो शरद ऋतू. आपल्या भागात काही पोरं कुंकू लावलेल्या बायकांना रस्त्यात गाठून काहीबाही बोलायला लागली होती. एकदोघांना मारहाण झाल्याचंही कानावर आलं. सुधीर म्हणाला, काही दिवस कुंकू लावू नकोस. मी म्हटलं, लावणार. आमचं भांडण जिन्यातून वर ऐकू गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कोट घालून दारात हजर. स्टेशनपर्यंत रोज माझ्याबरोबर चालत आलात, पाच महिने, दुखऱ्या गुडघ्यानं. रस्त्याच्या बाजूने तुम्ही, भिंतीच्या बाजूने मी. "मला कडेनं चालायचीच सवय आहे," एवढंच म्हणालात. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायचे राहून गेले. वहिनीने भावजींचे आभार मानायचे नसतात, असं मनाशी म्हणत राहिले. ते साफ खोटं आहे भावजी, मला फक्त लाज वाटत होती. आता मानते.

गुडघ्याने खेळ संपवला तेव्हा तुम्ही दुकानात लागलात आणि शनिवारी मुलींना शिकवायला लागलात. केतकी त्यात होतीच. तिला तुम्ही दोन गोष्टी शिकवल्यात. एक, रेषा सोडायची नाही. दुसरी, सामन्यावरून आल्यावर बूट साफ केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. हा तुमच्या वडिलांचा नियम. मागच्या दारी पायरीवर तुम्ही दोघं बसायचात, तळव्यातला चिखल खरवडत. माझ्याच सुरीने, हे आता कळतंय. मी गरम आमटी घेऊन आत ताटकळत राहायचे. "आधी बूट, मग पोट," अशी मी त्याची म्हण करून टाकली होती. सुधीरने सांगितलं तर पाणी न पिणारी पोर तुमच्या एका शब्दावर अर्धा तास उपाशी बसायची.

आता त्या विषयाकडे.

तुमच्याकडे एक रीत आहे. एका क्लबकडून दहा वर्षं खेळलं की त्या माणसाच्या सन्मानार्थ एक सामना ठेवतात, टेस्टिमोनियल. जुने साथीदार येतात, गाव लोटतं, आणि शेवटी तो माणूस हात वर करून मैदानाला एक फेरी मारतो. "म्हणजे आमच्याकडचा सत्कार," मी म्हटलं होतं, "शाल आणि श्रीफळ." तुम्हाला तो मिळाला नाही. नऊ वर्षं झाली आणि नवे मॅनेजर आले. त्यांच्या खेळात विंगरच नव्हता. ते म्हणाले, मधे येऊन खेळ. तुम्ही म्हणालात, कडेला खेळेन नाहीतर खेळणार नाही. आणि विमानात बसलात.

"एक वर्ष मधे खेळला असतात तर काय बिघडलं असतं?" हे मी तुम्हाला किती वेळा विचारलं, देव जाणे.

"खो-खोत तुम्हाला कुणी सांगितलं असतं, वर्षभर नुसतं बसून राहा, उठायचं नाही, तर?"

"शेवटी सत्कार होणार असेल तर बसले असते."

"खोटं," तुम्ही म्हणायचात. खोटंच होतं ते. पण तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मला बघवत नसे. केतकीला तुम्ही जुन्या साथीदाराच्या अशा सामन्याचा फोटो दाखवला होता. "ही हॅड अ होल डे, मॉम, जस्ट फॉर हिम," असं ती मला सांगत आली. तेव्हा मी ठरवलं, हे आपण करायचं.

मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक दोन महिन्यांवर होती. मी कमिटीत उभी राहिले आणि म्हटलं, या वर्षी लिंबू-चमचा कॅन्सल. तुम्हाला विचारलं तर तुम्ही दोन दिवस उत्तरच दिलं नाहीत. मग जिन्यातूनच म्हणालात, "लाइन हवी, वहिनी. बाकी काही नको. फळ्या नकोत, दोऱ्या नकोत. पांढरी लाइन."

एवढी एकच मागणी. आणि त्या रविवारी सकाळी पार्कमध्ये पोचतो तर रेषा मारायचं यंत्र ज्या खोलीत, तिला कुलूप. किल्ली आधी मागून ठेवायचं काम सुधीरचं होतं. तो विसरला. मी त्याला काय काय बोलले ते तुम्ही ऐकलं नाहीत, नशीब.

मंडळातल्या लिमयेकाकू पुढे झाल्या. "अगं, रांगोळी नाही का कुणाकडे? मी आणलीये, स्टेजसमोर काढायला." बघता बघता पाच-सहा गाड्यांच्या डिक्यांतून डबे निघाले. देशातून सामानात लपवून आणलेली, दिवाळीसाठी पुरवून पुरवून वापरलेली रांगोळी. कमी पडली तेव्हा कुणीतरी तांदळाची पिठी आणली. मैदान आम्ही लहानच धरलं आणि चारही बाजू आखायला ती पुरणार नव्हती, म्हणून फक्त तुमची डावी कड आखली. सात-आठ बायका ओणव्या झाल्या आणि चिमटीतून रेघ सोडत मागे मागे सरकत गेल्या. दोरी नाही, काही नाही, तरी सुतात सरळ. कोपऱ्याला झेंड्यापाशी काकूंना राहवलं नाही. त्यांनी तिथे कमळ काढलं आणि त्यात गुलाल भरला.

तुम्ही आलात, रेषा बघितलीत, आणि खाली वाकून तिच्याकडे नुसते बघत राहिलात. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

पहिला अर्धा डाव आठवला की अजून माझे कान गरम होतात. तुमच्यासमोर नागपूरचे वानखेडे होते, रेल्वे कॉलनीत थोडंफार खेळलेले, आमच्यातला बॉल कळणारा एकुलता एक माणूस. तुम्ही बॉल घेतलात की दोन पावलांत तो वानखेड्यांकडे. पुन्हा घेतलात, पुन्हा तेच. साठ-सत्तर माणसं जेवणाच्या चादरींवर बसून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "प्रोफेशनल होता म्हणे." दुसरं म्हणालं, "एज झालं यार, गुडघा पण गेलाय त्याचा." केतकी माझ्या शेजारी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

मध्यंतरात वानखेडे माझ्याकडे आले, बिचारे रडकुंडीला. "वहिनी, मी काही करूनच नाही राहिलो हो. ते स्वतःच आत येऊन राहिले. त्या लाइनवर पायच नाही देत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुरुवातीलाच तुम्ही कडेला गेला होतात आणि काकू चादरीवरून ओरडल्या होत्या, "अहो, जपून! रांगोळी!" तुम्ही चटकन पाय मागे घेतलात आणि हात जोडून सॉरी म्हणालात. सात वर्षं आमच्या घरात राहिलेला माणूस. दिवाळीत उंबऱ्यापुढची रांगोळी ओलांडताना तुम्ही कसे चवड्यांवर उडी मारायचात, ते मीच हसत बघितलं होतं. आम्ही तुम्हाला टचलाइन काढून दिली होती आणि तिला टच करायची बंदी घातली होती. ज्यांनी तुम्हाला आत ढकललं त्या मॅनेजरांत आणि आमच्यात आता फरक काय राहिला?

मी उठले. कोल्हापुरी चपला घातल्या आणि त्या रेषेवरून चालायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाय घासत. माझ्या आईने पाहिलं असतं तर तिथेच थोबाडीत दिली असती. बायका "अगंबाई" म्हणून उभ्याच राहिल्या. काकू म्हणाल्या, "अगं, वेड लागलं का तुला?" कोपऱ्यातल्या कमळापाशी माझा पाय जरा थबकला, खोटं कशाला बोलू. पण त्यावरही दिला. मग तुमच्याकडे वळून म्हटलं, "भावजी, मोडा."

आणि मग तुम्ही मोडलीत! बॉल डाव्या पायाला चिकटलेला, बुटाखालून पांढरी धूळ उडतेय, आणि वानखेड्यांच्या समोर येऊन तुम्ही नजर आत फिरवलीत. नजर, भावजी! कंबर नाही, मी बघितलं. वानखेडे आत गेले, तुम्ही बाहेरून, आणि ते गवतावर बसून स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. कमळावरून वळून तुम्ही बॉल असा टाकलात की गोलसमोर उभ्या असलेल्या सुधीरच्या बरोब्बर कपाळावर आला. त्याने डोळे मिटले. बॉल चष्म्याला लागून बाहेर गेला. त्यानंतर तुम्ही तसे किती बॉल टाकलेत ते मोजायचं भान कुणाला नव्हतं, आणि मंडळाच्या एकाही पुरुषाला त्यातला एक गोलमध्ये घालता आला नाही. पण चादरीवर कुणी बसलेलं नव्हतं. काकू सगळ्यांत पुढे होत्या, "कडेनं! कडेनं जा!" म्हणून ओरडत.

नंतर मी माइक हातात घेतला आणि तिथे माती खाल्ली. "एकाच क्लबसाठी सलग दहा वर्षं खेळलेले," असं मी म्हटलं. मला पक्कं ठाऊक होतं, नऊ. जिभेवर आपोआप दहा आलं असंही नाही, मी ठरवून म्हटलं. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. शाल घेतलीत, नारळ बॉलसारखा काखेत धरलात, आणि सरळ गाडीकडे चालते झालात. मसालेभात वाढलेला होता. जिलेबी होती. एक घाससुद्धा न खाता.

गाडी आवरताना सुधीर म्हणाला, "मी तुला सांगत होतो, अशा माणसाला पिकनिकमध्ये नाचवायचं नसतं. अपमान झाला त्याचा."

दोन दिवसांनी तुम्ही नेहमीसारखे चहाला खाली आलात. हवेबद्दल बोललात. मी वाट बघत राहिले की तुम्ही काहीतरी म्हणाल, निदान "नऊ, वहिनी" तरी. तुम्ही काही म्हणाला नाहीत आणि मी विचारलं नाही. बाकी कशालाही न भिणारी मी, दोन वर्षं एवढं एक वाक्य विचारायला भ्याले. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा दुसऱ्या मिनिटाला माझ्या मनात आलं, आता हे कधीच कळणार नाही. असं मनात आलं याचीही लाज वाटली.

परवा तुमचा भाऊ आला. विली. तुमच्यासारखंच बोलतो, पण आता मला कळतं, सुधीरची गरज लागली नाही. तुमची खोली आवरायला आम्ही दोघं वर गेलो. कपाटात बुटांचे तीन जोड, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, आरशासारखे लखलखीत. त्यांच्यामागे चौथं गाठोडं होतं, आणि त्याचं कापड मी ओळखलं. सत्काराची शाल. विलीने सोडलं. आत बूट. सत्काराच्या शालीत बूट, भावजी! हे मी लिमयेकाकूंना मरेपर्यंत सांगणार नाही.

ते साफ केलेले नव्हते. डाव्या बुटाची बाहेरची बाजू पांढरीफटक, शिवणींत रांगोळी बसलेली, आणि टोकाशी गुलाल.

विलीने बूट हातात घेतला आणि सवयीने ब्रशाकडे हात नेला. मग थांबला. "हे ते," म्हणाला. "त्याने लिहिलं होतं. टेस्टिमोनियल मिळाला, मैदान भरलं होतं, आणि त्या दिवशी मी उपाशी झोपलो." मग मला विचारलं, "आम्हाला कळेना, उपाशी का. जेवण बरं नव्हतं का?"

मी पलंगावर बसले. आधी बूट, मग पोट. बूट साफ केल्याशिवाय तुम्ही जेवू शकत नव्हतात आणि हे बूट तुम्हाला साफ करायचे नव्हते. एवढंच होतं! दोन वर्षं, भावजी. जिना उतरून एवढं सांगायला काय झालं होतं? मी त्या वाढलेल्या पानाकडे बघून रडले होते, माहीत आहे का तुम्हाला? रागावले मी तुमच्यावर, तिथल्या तिथे, तुमच्या भावादेखत, मराठीत. तो शहाणा माणूस आहे. त्याने बोलू दिलं.

मग त्याला सांगितलं, जेवण उत्तम होतं. त्याने विचारलं, खरंच मैदान भरलं होतं का? मी म्हटलं, "भरलं होतं. बसायला जागा नव्हती." बसलेलं कुणी नव्हतंच. "दहा वर्षं खेळला म्हणून," मी पुढे म्हटलं, बघावं म्हणून. विलीने मान हलवली. "नऊ." तुमचं घराणंच हट्टी. नारळाचं काय केलंत तेही त्यानेच सांगितलं. तुम्ही लिहिलं होतं म्हणे, की तो लोण्याच्या सुरीने फोडायचा एक आठवडा प्रयत्न करतो आहे. तेव्हा सुरीची धार कशाने गेली, तेही कळलं.

बूट तो घेऊन गेला. शालीसकट, तसेच. मीच सांगितलं, तुमच्या वडिलांच्या फोटोखाली ठेव म्हणून.

काल शनिवार होता, मुलींच्या मोसमाचा पहिला सामना. या वेळी खोली उघडी होती, यंत्र होतं, तरी डावी कड मी यंत्राला करू दिली नाही. काकू न सांगता डबा घेऊन आल्या होत्या. रेघ झाली तेव्हा मुली तिच्या अलीकडे रांगेत उभ्या राहून बघत होत्या, कुणी पुढे पाऊल टाकेना. मी चपला घातल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्यावरून चालून आले. मग केतकीला तिच्या जागेवर जायला सांगितलं. हरलो आम्ही, पण तुम्ही तिची कड बघायला हवी होती.

घरी आल्यावर ती मागच्या पायरीवर बसली. मी पानं वाढत होते. जाळीच्या दारातून हात आत आला. "आई, सुरी."

मी ड्रॉवर उघडला आणि दिली.

"दोन मिनिटांत आणून देते," केतकी म्हणाली. मराठीत.